दुपारीच अडकणारा हिशोब

कॉम्प्युटर बंद पडला तर माणूस समजू शकतो. जुना झाला, तापला, काय धाड भरली असेल ती भरली असेल. पण हा बंद पडतच नव्हता, गोठत होता! घरखर्चाचा हिशोब ठेवायचा प्रोग्रॅम उघडला रे उघडला की पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा हलायचं नाही, आणि आतला पंखा मात्र घोंघावत सुटायचा. आणि हे सगळं फक्त दुपारी. सकाळी उघडा, चालतोय शहाण्यासारखा. रात्री उघडा, चालतोय. दुपारी जेवणं उरकून सूनबाई समोर बसली, की याने अंग टाकलंच म्हणून समजा.

दुरुस्तीवाल्याला सगळे गोगलगाय म्हणत. हळू चालायचा, हळू बोलायचा, आणि एक स्क्रू काढायला एवढा वेळ लावायचा की बघणाऱ्याला जांभई यावी. पण आजवर हातात घेतलेलं काम त्याने अर्धवट सोडलं नव्हतं, म्हणून लोक त्यालाच बोलवत.

"बाई, याला दुपारची झोप लागते की काय?" त्याने बॅग उघडत विचारलं.

"मला चेष्टा सुचत नाहीये हो," सूनबाई म्हणाली.

आणि खरंच सुचत नव्हती बिचारीला. ती औषधांच्या दुकानात काम करायची. डॉक्टरची गिचमिड अक्षरातली चिठ्ठी वाचायची, गोळ्या मोजून द्यायच्या, लहान मुलाला किती थेंब, म्हाताऱ्याला अर्धी की पाव, हे सगळं ती बघायची. इतक्या वर्षांत तिचं बोट कधी चुकीच्या डब्यावर गेलं नव्हतं. पण गेले काही महिने घरात भलतंच चाललं होतं. दुधाचं बिल ती लिहायची तीनशे वीस, आणि दोन दिवसांनी बघावं तर तिथे दोनशे तीस! विजेचं बिल, फोनचं बिल, प्रत्येकाची तीच तऱ्हा. बिल एक सांगतंय, पडद्यावर दुसरंच. आधी ती स्वतःवरच हसली. मग मोठ्याने आकडा म्हणून लिहायला लागली. मग लिहून झाल्यावर दोनदा तपासायला लागली. तरी दोन दिवसांनी आकडा फिरलेलाच. नवरा म्हणायचा, "अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" तिला तरी कुठे ठाऊक होतं लक्ष कुठे असतं ते!

मग एक दिवस दुकानात एका बाईच्या हातात गोळ्यांची पट्टी देता देता तिने ती मागे घेतली आणि नाव तीनदा वाचलं. जिला दुधाचा आकडा धड लिहिता येत नाही, तिने लोकांच्या पोटात काय जावं हे ठरवायचं? उद्या पन्नास मिलिग्रॅमच्या जागी पाचशेची गोळी दिली म्हणजे? तिने तब्येतीचं कारण सांगून रजा घेतली आणि रोज दुपारी हिशोब उघडून स्वतःची परीक्षा घ्यायला बसली. तर हा मेला कॉम्प्युटर परीक्षाही देऊ देईना! उद्या दुकानाच्या मालकाला कळवायचं होतं, परत येते, की दुसरं कोणी बघा. तिने मनात उत्तर ठरवून टाकलं होतं. नाही येत. आपलं डोकं फिरायला लागलंय, ही गोष्ट तिने नवऱ्यालासुद्धा पुरती सांगितली नव्हती.

गोगलगायीने आपल्या चालीने काम सुरू केलं. व्हायरस शोधला, नाही मिळाला. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, पुन्हा गोठला. हिशोबाची फाईल तपासली, फाईल ठणठणीत. मग त्याने इंटरनेटची वायर उपसली, आणि काय आश्चर्य, प्रोग्रॅम सुरळीत चालू! वायर लावली, गोठला. काढली, चालू.

"अस्सं! इथे घोडं पेंड खातंय होय," तो म्हणाला आणि प्रथमच जरा ताठ बसला. "बाई, तुमचा हिशोब या कॉम्प्युटरवर एकटा नाहीये. त्याची इंटरनेटवर एक प्रत आहे. आणि तीच फाईल आत्ता, या घटकेला, दुसऱ्या कोणीतरी उघडलीय. एका ताटात दोघं जेवायला बसलेत. प्रोग्रॅम बापडा दोघांचे हात सांभाळता सांभाळता गारठतोय."

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरं कोणीतरी? आपल्या घराचा हिशोब? कुठे किती पैसे आहेत, कोणत्या बँकेत आहेत, सगळं होतं त्यात! तिने लगेच नवऱ्याला फोन लावला. तो पलीकडून एवढ्या जोरात ओरडला की गोगलगायीलाही ऐकू गेलं. "चोर शिरलाय! कशाला हात लावू नका! मी निघालो, आलोच!"

"चोराचं लक्षण दिसत नाही मला," गोगलगाय पुटपुटला. "थांबा. वायर पुन्हा लावतो आणि फाईल नुसती बघायला उघडतो. आपण हात लावायचा नाही, म्हणजे गोठणार नाही. बघू तरी पाहुणा करतोय काय."

दोघं पडद्याकडे टक लावून बसले. आजचीच तारीख होती. नळ दुरुस्तीचं बिल, सकाळीच तिने लिहिलेलं, एक हजार दोनशे चाळीस. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, कोणी बोट लावलेलं नसताना, तो आकडा पुसला गेला. जागा रिकामी झाली. मग तिथे एकेक अंक उमटला. दोन हजार एकशे चाळीस.

सूनबाई किंचाळलीच. "मी नाही! बघितलंत ना? तुम्ही बघितलंत ना, मी नाही केलं!"

"बघितलं हो बाई, बघितलं. माझा हात सोडा, दुखतोय."

तिने त्याचं मनगट पकडलंय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. आपलं डोकं ठिकाणावर आहे! महिनोन् महिने आपण बरोबरच लिहीत होतो! चोर असो, दरोडेखोर असो, त्याचं भलं होवो असं तिला वाटलं, इतका तिचा जीव भांड्यात पडला. उद्या दुकानात जायचं, आपल्या जागेवर उभं राहायचं. तिला भर दुपारी गाणं म्हणावंसं वाटलं.

"त्या कॉम्प्युटरचं नाव दिसतंय इथे," गोगलगाय म्हणाला. "कोणीतरी 'बाबांचा जुना' असं ठेवलंय."

ते नाव तिनेच ठेवलं होतं. वरच्या खोलीत सासऱ्यांच्या टेबलावर जो लॅपटॉप होता, त्याचं. सासरे म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. सरकारी कचेऱ्यांचे हिशोब तपासण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्यांचं पाऊल कचेरीत पडलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची. घरचा हिशोबही तेच ठेवत. वर्षापूर्वी त्यांनी आपणहून तो सुनेकडे सोपवला होता. "आता तू सांभाळ," एवढंच म्हणाले. पण जुन्या लॅपटॉपवरून फाईल काढून टाकायचं कोणाला सुचलंच नाही.

सूनबाई जिना चढून वर गेली. सासरे दुपारचे झोपलेले असतात असा घरात सगळ्यांचा समज होता. ते झोपलेले नव्हते. टेबलाशी ताठ बसले होते, बाजूला बिलांचा गठ्ठा, नाकावर चष्मा.

"ये ये, सूनबाई." ते दचकलेसुद्धा नाहीत. उलट आवाज खाली आणून म्हणाले, "दार लोटून घे. खाली कोणी आलंय वाटतं, त्याच्या कानावर नको."

"बाबा, तुम्ही... हे..."

"अगं, घाबरतेस काय अशी? तुझ्या हातून आकडे इकडचे तिकडे होतात. व्हायचंच, घरचं बघतेस, दुकानाचं बघतेस. मी रोज जेवण झालं की बसतो आणि गुपचूप नीट करून ठेवतो. कोणाला म्हणजे कोणाला बोललो नाही. तुझ्या नवऱ्यालाही नाही. उगाच तुला बोलला असता."

ज्या माणसाने जन्मात कोणाची चूक पोटात घातली नाही, त्याने तिची घातली होती.

"हे बघ, आजचंच घे," ते म्हणाले. नळवाल्याचं बिल त्यांनी उजेडात धरलं आणि प्रत्येक अंकावर बोट ठेवत स्वच्छ वाचलं. "एक हजार दोनशे चाळीस. बघ, आता कसं बरोबर झालं." आणि मोठ्या समाधानाने त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

पडद्यावर दोन हजार एकशे चाळीस होते.

मघाशी आपण कशाचा आनंद केला हे तिला आता कळलं, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कुठे तोंड लपवावं ते कळेना. काहीतरी बोलायला हवं होतं. 'हो बाबा, बरोबर' म्हणून खाली निघून जायला हवं होतं. पण तिच्या तोंडावरचं काही लपेना.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. लोकांचे चेहरे वाचण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि वाचायला लागले. "दोन हजार एकशे..." तिथे ते थांबले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला. बिल पाहिलं. पडदा पाहिला.

"बाबा, राहू द्या आता. पडा जरा."

त्यांनी ऐकलंच नाही. गठ्ठ्यातून दुधाचं बिल ओढलं, पडद्यावर शोधलं, ताडून पाहिलं. मग विजेचं. मग फोनचं. दुसऱ्याच्या वह्या तपासाव्यात तशी ते स्वतःची तपासणी करत होते, भराभर, दयामाया न दाखवता, आणि दर बिलागणिक त्यांचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी त्यांनी हात थांबवला.

"सगळी?" ते म्हणाले. "एकूण एक मी बिघडवली?"

खाली दार धाडकन उघडलं. नवऱ्याचा धापा टाकणारा आवाज आला. "सापडला का चोर? पोलिसांना बोलवू का?"

सूनबाई तोंड उघडणार, तोच सासरे जुन्या करड्या आवाजात बोलले. "सापडला. वर ये. हिचं सगळं बरोबर होतं. चुकत मी होतो."

खाली नवरा खो खो हसत सुटला. "काय बाबा, जीव घेतलात माझा! तुम्ही आणि आकड्यात चुकणार? काहीतरीच!" आणि तो जिना चढू लागला.

सासरे हसले नाहीत. त्यांनी सुनेचा हात धरला.

"लिहिताना मला बरोबरच वाटत होतं गं," ते हळूच म्हणाले. "रोज. अगदी आत्ता वाटतंय तसंच. मग आत्ता मला जे जे बरोबर वाटतंय, तू कोण, हे घर कोणाचं, तो वर येतोय तो कोण, त्यातलं काही चुकलं तर मला कळणार कसं?"

हा प्रश्न सूनबाईने स्वतःला कितीदा विचारला होता. तिची त्यातून सुटका झाली होती, नुकतीच, खाली, गोगलगायीचं मनगट धरून. ती त्यांचा हात तसाच धरून उभी राहिली, आणि नवरा हसत हसत दारापर्यंत आला.