पायाचं सुतक

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात की डोळा लागतो. एका पायाची गोष्ट सांगतो. पाय झुलालभाऊंचा, शहाणपण गावाचं.

अमळनेरजवळच्या आमच्या गावात झुलालभाऊ तीस वर्षं कीर्तनात टाळ धरून उभे राहिले. मग साखरेनं पाय काळा पडला आणि धुळ्याच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापला. मुलगा ईश्वर भाबडा. बापाचा पाय कचऱ्यात कसा जाऊ द्यायचा? मागून घेतला, गावी आणला आणि गुपचूप पुरायचं सोडून स्मशानात रीतसर अग्नी दिला.

गावात त्याच दिवशी हरिनाम सप्ताह बसला होता; धूर पाहून त्याचे अध्यक्ष जीवराम आबा विचारत आले, "कोन गया रे?" पाय गेला हे कळल्यावर त्यांनी निवाडा दिला: अग्नी दिला म्हणजे सुतक लागलं. दहा दिवस त्या घरातल्या कुणी मंडपात पाऊल टाकायचं नाही.

दवाखान्यात झुलालभाऊंचा एकच ध्यास, सप्ताहाच्या शेवटच्या, काल्याच्या कीर्तनाला टाळ धरायचा. डॉक्टरांच्या मागे लागून सातव्या दिवशी सुटले आणि आठव्या सकाळी रिक्षानं थेट मंडपाच्या दारात. आबा आडवे आले.

"झुलाल, तुले सुतक शे."

"कोनं, आबा?"

"तुना पायनं."

"मंग मरनं कोन? मी तर बठ्ठा आठेच शे!"

सगळाच्या सगळा झुलाल समोर बघून आबा घुटमळले. तेवढ्यात भाऊंच्या पत्नी भागाबाई रिक्षातून उतरल्या. "आबा, तुमना बठ्ठा दात पडनात, तवय सुतक कोनी धरं?"

"दातस्ले अग्नी नही दिधा."

"अरे देवा! म्हंजे आजून भटकतस का त्या दात?"

बायका पदरात हसल्या. आबांनी कवळी घट्ट मिटली, पण वाट सोडली नाही. आणि आम्ही टाळकरी? टाळ हातात घेऊन आपापल्या पायांची नखं बघत होतो. त्यात मीही होतो.

आत महाराज रंगात आले. "हात म्हणजे तू नव्हेस, पाय म्हणजे तू नव्हेस, देह तर अंगावरचं जुनेर!" आम्ही माना डोलावल्या. वा रे आमचं ब्रह्मज्ञान! मंडपात पाय म्हणजे कोणीच नाही, आणि दाराबाहेर तोच पाय म्हणजे अख्खा झुलाल, म्हणून त्याचं दहा दिवसांचं सुतक! कीर्तनावर माझा जीव आहे, म्हणून सांगतो: त्या दिवशी मला माझ्याच टाळाची लाज वाटली. भाऊ बाहेर रिक्षात बसून मांडीवर ठेका धरत होते.

सुतक फिटल्यावर आबा मोठ्या मनानं घरी गेले. "झुलाल, आते येत जाय."

"आबा, पहिले पायनं दहावं घाला. बठ्ठं गाव जेवाडा. मंग येसू."

भाऊ पुन्हा कीर्तनाला आले नाहीत. आता संध्याकाळी स्वतःच्या ओट्यावर बसून टाळ वाजवतात, भागाबाई गातात. आमच्या रांगेत त्यांची जागा रिकामी आहे आणि ठेकाही जागेवर राहत नाही.

तेव्हा बाबांनो, देह मिथ्या आहे असं कुणी सांगितलं आणि तुमची मान डोलू लागली, तर क्षणभर आमच्या झुलालभाऊंना आठवा.