गाठी मारलेलं निमंत्रण

पुरुषोत्तमनगरच्या सभागृहात सोमवारी सिकलसेलच्या रुग्णांचा मेळावा भरायचा होता. बाहेरून रक्ताचे डॉक्टर येणार, तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळणार, म्हणून फुलवंताबाईंच्या पायाला महिनाभर भिंगरी होती. पोटचा पोरगा याच आजारात गेलेला. या कामाला त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

वरच्या पाड्यांवर फोन लागत नाही. तिथे त्यांनी जुन्या रीतीने दोऱ्याला गाठी मारून पाठवल्या होत्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटेल तो मेळाव्याचा दिवस.

शुक्रवारी निरोप आला, कोरोनामुळे मेळावा पुढे ढकलला. बाईंनी लागतील तिथे फोन लावले. पण वरचे पाडे? गाडीरस्ता संपल्यावर चार तासांची चढण आणि गुडघे दुखत होते. जिपाच बंद झाल्यात, येतंय कोण, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. अहो, जीप नाही म्हणून डोंगरातला माणूस कधी घरी बसलाय का? सगळा जन्म त्या लोकांत गेला आणि बाईंना एवढं सुचू नये!

सोमवारी सकाळी सभागृहाच्या वॉचमनने बोलावून घेतलं. बंद फाटकाशी वरच्या पाड्यावरचा आमशा पावरा बसला होता आणि मांडीवर त्याची चौदा वर्षांची मुलगी रिना कण्हत होती. डोंगर उतरून पुढे जीप नाही म्हणून दोन दिवस उन्हातून चालत आले होते. या आजाराला तहान आणि दमणूक म्हणजे विषच. पोरीला धाप लागली होती.

"ताई, तुन्हा निरोप व्हता, म्हणीसन पोरले लई उनू," आमशा म्हणाला.

दवाखान्यात नव्या साथीची धावपळ चाललेली. रक्तदानाची शिबिरं रद्द झाल्याने रिनाच्या गटाचं रक्त नव्हतं. बाईंनी ओळखीच्या माणसांना हात जोडले, पण दवाखान्यात यायचं म्हटलं की जो तो फोन ठेवायचा. मंगळवारी दुपारी रिना गेली.

बाईंना राहवेना. मेळावा रद्द झाल्याचं शुक्रवारीच कळलं होतं, वर यायचा मी कंटाळा केला, असं त्यांनी आमशाला सांगून टाकलं. तो शिव्या देईल, अंगावर धावून येईल, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

आमशाने पोरीच्या अंगावरची चादर नीट केली.

"धाकलालेबी हाऊच आजार शे," तो म्हणाला. "नवी तारीख कधी, ताई?"