मनगटावरचे पैसे

"हा पट्टा काढ बाप्पा, आन् माहे उरलेले पैसे दे." सुभद्राबाईंनी तिकीटखिडकीतून मनगट आत घातलं.

खिडकीतला पोरगा म्हणाला, "आजी, यातले पैसे परत भेटत नाईत. आतच खर्च करा लागतात. पट्ट्यावर लिहून आहे."

लिहिलेलं होतं खरं, पण इंग्रजीत, आणि मुंगीच्या पायाएवढं. अमरावतीच्या त्या वॉटर पार्कमध्ये सकाळी शिरताना बाईंनी जवळच्या सगळ्या नोटा याच खिडकीत देऊन मनगटावरच्या पट्ट्यात जमा करून घेतल्या होत्या. पाण्यात भिजायला नको, चोरापोरी जायला नको. जणू बँकच! दिवसभर मूठही घट्ट आवळून ठेवली. नात मोनाली दुकानातल्या कापडी कासवासाठी किती रडली, पण बाईंचं एकच, "अकोल्यात अर्ध्या किमतीत भेटते." आता पट्ट्यात सहाशे रुपये अडकले होते आणि कनवटीला दहाची एक नोट. ऑटो आणि दोघींची अकोल्यापर्यंतची एसटीची तिकिटं, दोनशे तरी लागणार होते.

"आजी, घरी फोन लाव न," मोनाली म्हणाली.

"नाई लावत!"

घरी फोन रागिणी उचलणार. निघताना सून तोंडावर म्हणाली होती, "पैसा आन् पोरगी, दोन्ही तुमच्या हाती द्याची म्हंजे मले घोरच." आज हसं झालं, तर पुन्हा मोनालीला आपल्याबरोबर शेजारच्या गल्लीतही पाठवणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

त्या तडक दुकानात शिरल्या. पट्ट्यातल्या पैशांतून पाच किल्लीच्या साखळ्या घेतल्या आणि ते साडेतीनशेचं कासवही घेतलं. मोनालीनं ते छातीशी धरलं आणि आजीच्या कमरेला मिठी मारली. 

फाटकाबाहेर त्या साखळ्या पुढे करत उभ्या राहिल्या. "घ्या बापू, आत पन्नासले आहे, मी वीसले देतो."

"चोरीचं तं नाई न, आजी?" एकजण हसला, पण त्यानं दोन घेतल्या.

चौकीदार ओरडला, "ओ मावशी, इथं धंदा नाई लावाचा!"

"धंदा नाई रे बाबा, घरी जाऊन राहिलो!"

उन्हं उतरेपर्यंत साखळ्या संपल्या. हाती आले शंभर. लोक पांगू लागले. तेवढ्यात एका गाडीतल्या बाईनं कासवाकडे बोट केलं. "शंभरात देता का?"

सुभद्राबाईंनी मोनालीकडे पाहिलं नाही. नुसता हात पुढे केला. पोरीनं आधी कासव पाठीमागे लपवलं. मग आजीचा तसाच पुढे असलेला हात बघून तिनं ते स्वतःच त्यावर ठेवलं.

एसटीनं बडनेरा मागे टाकलं. मग मोनाली हळूच म्हणाली, "आजी, तू काई सांगू नको. पैसे माह्या हातून हरवले, असं मीच म्हणतो. मले आई जास्त नाई मारत."

बाईंनी पोरीकडे पाहिलं. आपल्या अब्रूपायी आठ वर्षांची पोर मार खायला तयार झाली होती. त्यांनी पिशवीतून बटणांचा फोन काढला आणि नंबर लावला.

"रागिणी, आईक. पोरगी बसमंदी माह्यापाशी आहे. पैसे माह्या हातून गेले, आन् तिचं खेळणंई मीच इकलं."

सून काय बोलेल ते ऐकून घ्यायला बाईंनी फोन कानाशी तसाच दाबून धरला.