दोष ठेवलेलं भिंग

जानकीबाईंच्या वरच्या ओठावर, डाव्या कोपऱ्यापासून जरा आत, एक केस होता. तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढा लांब, टोकाशी किंचित वळलेला. समोर बसून गप्पा मारताना तो कुणाला दिसला नसता. फोटोत मात्र तो होता, आणि शेजारी त्याची सावलीही होती.

सावली पाहून दुर्गेला आनंद झाला. तो तिने लपवायला हवा होता.

"बघा तरी, किती स्वच्छ आलंय!" ती म्हणाली.

जानकीबाईंनी फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पालथा घातला.

"दुर्गाबाई, मी तुम्हाला फोटो काढायला सांगितला होता. पंचनामा नव्हे."

"पण ठुशीचा मणी न् मणी..."

"ठुशी सुरेखच आलीय. तिचाच काढायचा होता, मग मला कशाला बसवलंत?" जानकीबाई उठल्या आणि दाराशी थांबल्या. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुना-लेकींचे फोटो काढायचेत. तुमचं नाव काढलं तर सुना माजघरात कडी लावून बसतायत. मालोजीला बोलवावं म्हणते."

मालोजीचा स्टुडिओ धाकट्या पातीत, रस्त्याच्या पलीकडे. देवासात दोन पात्या आणि दोन राजे होते तेव्हापासून अलीकडची माणसं पलीकडे फोटो काढायला जात नसत. राज्यं विलीन होऊन पाच वर्षं झाली तरी ही सवय विलीन व्हायची राहिली होती. मालोजी निगेटिव्हच्या काचेवर इतकी पेन्सिल फिरवायचा, की त्याच्याकडून आलेलं प्रत्येक माणूस सोललेल्या अंड्यासारखं दिसायचं. शिवाय तो पुरुष होता. जानकीबाईंचं घर सरदारांचं, गोषाचं. परक्या पुरुषासमोर बायका येत नाहीत म्हणून तर दुर्गेच्या सासऱ्यांनी, तात्यांनी, सुनेच्या हाती कॅमेरा दिला होता. सून इंदूरहून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली, भिंग म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तात्या गेले, तरी त्यांच्या स्टुडिओत मंगळवार फक्त बायकांचा राहिला. आता एकेक मंगळवार रिकामा जाऊ लागला होता.

"सुधारकांनी एवढी भाषणं केली, गोषा हलला नाही," नीलकंठ, तिचा नवरा, जेवताना म्हणाला. "तू नुसते फोटो काढलेस आणि बायका आपण होऊन बाहेर पडल्या. तुझा सत्कार व्हायला हवा."

"थट्टा पुरे. मंगळवार गेला तर माझ्याकडे मॅट्रिकच्या अर्जांचे फोटो तेवढे उरतील."

"मग ते धारचं भिंग घेऊन टाक. दसऱ्यापासून कपाटात बसलंय बिचारं."

ते धारचं भिंग हंबीररावांचं. हंबीरराव धारच्या दरबाराचे फोटोग्राफर, तात्यांचे जुने स्नेही. त्यांनी तरुणपणी हे पितळी नळीतलं विलायती भिंग खास चेहऱ्यांसाठी मागवलं होतं. त्यातून काढलेल्या फोटोत माणसाभोवती पहाटेच्या धुक्यासारखा उजेड पसरे. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "मला आता सगळं जग असंच दिसतं," ते म्हणाले होते, "वेगळं भिंग कशाला ठेवू? तू घे. वापरून बघ, मग सांग."

दुर्गेने वापरून पाहिलं. शास्त्र शिकलेल्या माणसाने पाहावं तसंच पाहिलं. वर्तमानपत्राचं पान भिंतीला लावून फोटो काढला. मथळा वाचता येईना. विटांच्या भिंतीचा काढला. विटांना ते भिंग मुळीच मानवलं नाही. तुळशीवृंदावनाचा काढला, सायकलच्या चाकाचा काढला, माळव्यातल्या कडक उन्हात वाळत घातलेल्या गव्हाचा काढला. प्रत्येक प्रयोगाची निरीक्षणं तिने नीलकंठला ऐकवली. पुढे पुढे तो ऐकताना डोळे मिटू लागला.

"एक विचारू का?" एकदा तो म्हणाला. "हे भिंग कशासाठी असतं?"

"चेहऱ्यांसाठी."

"चेहरा कुठाय यात?"

यावर दुर्गेने बरंच सांगितलं. भिंगाच्या कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांच्या आधीच एकत्र येतात. हा भिंगाचा दोष. तो घालवण्यासाठी लोकांनी जन्म घालवले. आणि हे भिंग बनवणाऱ्या गृहस्थांनी तो मुद्दाम ठेवला, वर कमीजास्त करायला एक कडंही दिलं! लोणच्याची बरणी मुद्दाम फुटकी करून विकावी तसं हे. शिवाय ते खोटं आहे. असलेला केस नाही म्हणायचं म्हणजे काय?

"जानकीबाईंना केस दिसायला नको आहे. तो आहे हे त्यांना ठाऊक असेल की."

"म्हणजे तू म्हणतोस घ्यावं?"

"मी काहीच म्हणत नाही. मी संस्कृत शिकवतो."

चेहऱ्यावर प्रयोग न करण्याचं कारण दुर्गेला पक्कं माहीत होतं. म्हणूनच ती ते उच्चारत नव्हती. चेहरा चांगला आला असता तर ठरवावं लागलं असतं. वर्तमानपत्राचं पान तर कधीच चांगलं येणार नव्हतं. निकाल आधी ठरवून प्रयोग नंतर करणाऱ्यांची कॉलेजात ती सर्वांत जास्त टर उडवायची.

पौष लागला तसा बसच्या कंडक्टरबरोबर धारहून निरोप आला. "काकांनी सांगितलंय भाभी, या तो रखो, या ले आओ. कुक्षीचा कुणी तंबू-सिनेमावाला आलाय, त्याला मशीनसाठी भिंग पाहिजे. फैसला करो, असं म्हणाले."

या भिंगातून कुक्षीच्या तंबूत मारामाऱ्या दाखवल्या जाणार, या विचाराने दुर्गेला वाईट वाटलं. तरीही तिने भिंग फलालीनमध्ये गुंडाळलं, डब्यात घातलं, डबा पिशवीत ठेवला आणि परत करायला निघाली. इंदूरला बस बदलेपर्यंत परत करण्याचा निश्चय टिकला. धारच्या बसमध्ये तिने दोनदा झाकण उघडून आत पाहिलं. शेजारच्या बाईला वाटलं लाडू आहेत. तिने कौतुकाने विचारलंही.

हंबीरराव ओट्यावर बसले होते. दुर्गा अगदी जवळ येईपर्यंत त्यांनी ओळखलं नाही. मग खुर्ची सारून उठले.

"ये, दुर्गे! काय ठरलं?"

"परत आणलंय, काका. म्हणजे... तसं अजून..."

"कळलं," आतून पार्वतीकाकू, त्यांची बायको, म्हणाल्या. "आधी पोहे खा."

पोहे खाताना काकूंनी डबा उघडून भिंग मांडीवर घेतलं. "या मेल्यानं सगळ्या धारच्या बायका अप्सरा केल्या. मी तेवढी राहिले."

"तू कधी म्हणालीस?" हंबीरराव म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत? दरबारातून आलात की कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम. आता उद्या-परवा हे जाणार त्या तंबूवाल्याकडे."

हंबीररावांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "चल, बस. आत्ताच काढू." पण कॅमेरा उभा करून, भिंग बसवून त्यांनी काळं कापड डोक्यावर घेतलं आणि तसेच बाहेर आले. "मला काही दिसत नाही गं. दुर्गे, फोकस तू कर. डोळ्यावर कर. डावा डोळा! भुवईचा केस न् केस दिसला पाहिजे!"

"या भिंगातून केस दिसत नाही, काका."

"असं? मला आठवतंय ते दिसायचे."

काकू खिडकीशी खुर्चीवर बसल्या. नवं लुगडं नव्हतं, नथ नव्हती. पदर तेवढा डोक्यावरून नीट घेतला. दुर्गा कापडाखाली शिरली. दुधी काचेवर काकू उलट्या टांगल्यासारख्या दिसत होत्या, आणि उलट्याच बोलत होत्या.

"हलू का नको?"

"नको."

दुर्गेने कॅमेऱ्याचा कातडी भाता पुढे सरकवला. चेहरा धुकट. मागे घेतला. तरीही धुकट. पुन्हा पुढे. तिच्या स्वतःच्या भिंगात एक जागा अशी यायची, की पापणी कचकन उभी राहायची. तिथे हात थांबायचा. तशी जागा इथे येईना. आत बारीक रेघ होती, भोवती उजेड सांडलेला होता. भाता पुढे न्यावा तर रेघ वाढे, मागे घ्यावा तर उजेड. काकूंची एकही सुरकुती नाहीशी झाली नव्हती. सगळ्या जिथल्या तिथे होत्या, फक्त कुणी कुणावर ओरडत नव्हतं.

तिने कडं फिरवलं. पुन्हा भाता. पुढे, मागे, पुढे.

कापडाखाली उकडत होतं आणि दुर्गेला स्वतःचं हसू येऊ लागलं. इतकी वर्षं ती ज्याला आपली कडक नजर म्हणत आली, ती तिची नव्हतीच, भिंगाची होती. भिंग म्हणे "इथं", आणि बी.एस्सी. झालेल्या बाई आज्ञेप्रमाणे तिथे थांबत. जानकीबाईंचा केस तिने टिपला नव्हता. तो तिच्या हाती आयता आला होता, आणि तिने त्यावर मिरवून घेतलं होतं. हे भिंग काहीच म्हणत नव्हतं. कुठे थांबायचं ते बाईंनीच सांगावं, म्हणून वाट पाहत होतं. आणि बाईंना सगळं येत होतं, तेवढंच येत नव्हतं.

"झालं का?" काचेवरच्या उलट्या काकू म्हणाल्या.

"जरा थांबा."

"डावा डोळा!" बाहेरून हंबीरराव ओरडले.

"काका, तुम्ही गप्प बसा हो!"

भाता पुढे. भाता मागे. आता काकूंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. नवऱ्याला कुणी गप्प बसवल्याचं असावं. मागे गेलं की ते विरे, फार पुढे आणलं की नुसत्याच सुरकुत्या उरत. मध्ये एका जागी दोन्ही होतं. ती सर्वांत स्पष्ट जागा नव्हती. ती बरोबर आहे याला कसलाही पुरावा नव्हता. दुर्गेचा हात तिथून सुटून पुन्हा मागे गेला, आणि पुन्हा तिथेच आला.

"अगं बाई, मान आखडली माझी!" काकू कळवळून म्हणाल्या. "ऊन चाललं खिडकीतनं. एकदा काय ते सांग, घेतेस की नाही?"

दुर्गेने भाता जागच्या जागी धरणारं मळसूत्र घट्ट पिळलं आणि डोक्यावरचं कापड काढलं. केस विस्कटले होते, चष्म्यावर वाफ धरली होती. तिने तो पुसला नाही.

"घेते," ती म्हणाली. "फोटोही घेते, काकू. भिंगही घेते."