मी दाखवलेली ओल

मित्रांनो, डोळे मिटू नका. तुमच्या तोंडावर उजेड मारायला मी आलेली नाही. मी एक जुनी विजेरी आहे. कुणी मला टॉर्च म्हणतं, कुणी सरळ बॅटरी म्हणतं. माझं काही म्हणणं नाही, फक्त डबडं म्हणू नका, ते मला फार लागतं. पोटात तीन सेल, अंगावर पत्र्याच्या खाचा आणि काचेला एका बाजूने चीर, असा माझा अवतार आहे. स्वभाव जरा तापट. हल्ली तर चापट्या खाल्ल्याशिवाय मी पेटतच नाही. पण एकदा पेटले की समोर जे असेल ते दाखवते, मग कुणाला आवडो न आवडो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही शेकडो बहिणी पुढे पुढे जात होतो. एका बाईंनी माझ्या डोक्यात बल्ब बसवला, बटण दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, ही पास." इतकी छोटी शाबासकी, पण मी कित्येक दिवस त्यावर खूश होते. पुढे एका दुकानाच्या काचेआड धूळ खात बसले, आणि तिथून मला आत्याने विकत घेतलं.

तिला घरात सगळेच आत्या म्हणत, म्हणून मीही म्हणते. ती शिवणकाम करायची. मान मोडून कपडे शिवायची, आणि पैसे साठले की एखादी लहानशी खोली घेऊन भाड्याने द्यायची. घर बघायला जाताना लोक ठेवणीतले कपडे घालतात. आत्या मात्र जुनेर अंगावर चढवायची आणि मला पिशवीत टाकायची. रंग, फरशी, खिडकीतला देखावा यांच्याकडे ती ढुंकूनही बघत नसे. आधी सगळे नळ एकदम सोडायची. मग गुडघे टेकून मला बेसिनखाली धरायची, माळ्यावर फिरवायची, मीटरच्या पेटीत डोकावायला लावायची. कोळ्यांची जाळी माझ्या काचेला चिकटत, पण तक्रार कोण करतंय! मला कामाची हौस होती.

तिची खरी तपासणी तर खाली उतरल्यावर सुरू व्हायची. पहारेकऱ्याशी गप्पा, इस्त्रीवाल्याशी गप्पा, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात उभ्या असलेल्या प्लंबरशी गप्पा. कुणाच्या मुलीचं शिक्षण, कुणाची पाठदुखी, सगळी चौकशी मनापासून. बोलता बोलता इमारतीची कुंडली तिच्या हातात यायची. ती म्हणायची, "विकणाऱ्याला फक्त किंमत विचारावी. घर कसं आहे ते त्याला विचारावं, ज्याला त्या सौद्यातून दमडी मिळणार नाही." अशा माणसांची ओळख ती वर्षानुवर्षं जपायची. आणि चारचौघांत मला उंच धरून सांगायची, "हिने मला एकदा सौद्यात बुडण्यापासून वाचवलंय बरं का." तेव्हा मी कशी फुलून जायचे म्हणून सांगू!

मग आत्याचे गुडघे गेले. जिने चढणं बंद झालं, तशी मीही खणात गेले. तिने आठवणीने माझे सेल काढून ठेवले, नाहीतर आतून गंजून मेलेच असते. अंधार मला नवा नव्हता, पण रिकाम्या पोटी अंधारात पडून राहणं फार वाईट असतं.

खणातून मला बाहेर काढलं ते आत्याच्या भाचीसाठी. पोर कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसायची. हसरी, कष्टाळू आणि कुणाचं मन मोडायला अतिशय घाबरणारी. तिचे वडील, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, आयुष्यभर छापखान्यात मशीनवर उभे राहिले आणि छातीत कायमचा खोकला घेऊन निवृत्त झाले. निवृत्तीचे जे पैसे मिळाले ते त्यांनी लेकीच्या हवाली केले. "तू शिकतेयस ना हे घरांचं? मग लाव कुठेतरी. भाडं येत राहिलं की मला पुन्हा मशीनपाशी उभं राहायला नको," ते म्हणाले. त्यांना दुसरं काहीही नको होतं. नुसतं बसायचं होतं.

आत्याने नवे सेल घालून मला भाचीच्या हातात ठेवलं. "घे. ती कार्डं नंतर वाट. आधी ही जवळ ठेव."

कार्डं म्हणजे व्हिजिटिंग कार्डं. भाची दर रविवारी सकाळी घरांत पैसे गुंतवायला शिकणाऱ्यांच्या बैठकीला जायची. एका हॉटेलच्या तळघरात थंडगार हॉल, पुठ्ठ्याच्या कपात कॉफी आणि सगळे एकमेकांना कार्डं देताहेत. मी तिच्या पर्समधून ऐकायचे. तिथे एक रीत होती. ज्याने एखाद्या घराचा बयाणा दिला असेल त्याला स्टेजवर बोलवायचं, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा. दुसरी रीत अशी की कुणाच्याही सौद्याबद्दल शंका काढायची नाही. शंका काढणारा तो नकारात्मक, आणि नकारात्मक माणसं दूर ठेवायची, मग ती घरातली का असेनात! ही रीत ऐकली त्या दिवसापासून भाचीने आत्याला काही विचारणंच सोडून दिलं. मला पर्समध्ये राहू दिलं ते केवळ विसरल्यामुळे.

त्या बैठकीत एक गोड बोलणारे गृहस्थ होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी भाचीला हाताशी धरून हॉलभर फिरवलं. हे कर्ज मिळवून देणारे, हे वकील, हे रंगाचं काम घेणारे. "सगळी आपलीच माणसं आहेत गं. एकदा ओळख झाली की काम झालंच समज." पोरीची पर्स कार्डांनी फुगली. तिला वाटलं, एवढा गोतावळा असताना आता काळजी कसली! ही सगळी माणसं एकाच सौद्यातून पोट भरणारी आहेत, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

एके दिवशी दुपारी भाऊ तिला एक फ्लॅट दाखवायला घेऊन गेले. नवा कोरा रंग, चकचकीत स्वयंपाकघर. आतल्या खोलीत भिंतीला लागून एक भलंमोठं कपाट उभं होतं. भाचीला काय वाटलं कोण जाणे, तिने मला पर्समधून काढलं आणि तळहातावर आपटलं.

भाऊ हसले. "अगं, हे कुठल्या म्युझियममधून उचललंस?"

मी चिडून पेटले आणि कपाटामागच्या फटीत घुसले. मित्रांनो, तिथे मी जे दाखवलं ते मला आजही लख्ख आठवतं. रंगाचे पोपडे सुटले होते, त्याखाली काळपट हिरवी बुरशी होती आणि भिंत वरपासून खालपर्यंत ओली होती. भाचीने ते पाहिलं. पाहिलंच!

"भाऊ, इथे ओल आहे का हो?" तिने हळूच विचारलं.

"ओल कसली? नवा रंग आहे, वाळतोय अजून," भाऊ म्हणाले. मग चेहरा पाडून म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा? एवढ्या लोकांशी मी तुझी ओळख करून दिली. आता त्यांना काय सांगू, हिला संशय आला म्हणून?"

"तसं नाही हो भाऊ. मी सहज विचारलं."

आणि तिने माझं बटण बंद केलं. केवळ भिडेपोटी! मी चांगली चालत होते, सेल ताजे होते, भिंत समोर होती. पर्समध्ये जाताना मला ओरडावंसं वाटत होतं, पण विजेरीला आवाज कुठून येणार?

बयाणा देऊन पुढच्या रविवारी भाची स्टेजवर गेली. टाळ्या झाल्या, फोटो झाला. शेवटच्या रांगेत तिचे बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या वाजवता वाजवता खोकत होते.

बाबांचे पैसे आणि वर कर्ज घालून फ्लॅट भाचीच्या नावावर झाला. पहिला भाडेकरू आला आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागल्यावर सामान उचलून निघून गेला. दुसरा दारातच नाक मुरडून परतला. फ्लॅट रिकामा पडला, कर्जाचे हप्ते मात्र चुकत नव्हते. भाचीने एकेका कार्डावर फोन लावले. वकील म्हणाले, "कागद बघणं माझं काम, भिंती बघणं नाही." रंगवाले म्हणाले, "परत एक हात मारून देतो." भाऊ तर फोनच उचलेनात. शेवटी एकदा उचलला तेव्हा म्हणाले, "एवढं काय घाबरतेस? रंग लाव, कपाट त्या भिंतीला लाव आणि विकून मोकळी हो. बैठकीत एक नवीन मुलगी आलीय, तिला पाठवतो."

ती मुलगी आली. हातात कार्डांचा गठ्ठा, डोळ्यांत तीच घाई. भाची तिला स्वयंपाकघर दाखवत राहिली, खिडकी उघडून हवा दाखवत राहिली. आतल्या खोलीत गेल्यावर मुलीने विचारलं, "ताई, बाकी काही त्रास नाही ना?" भाची खिडकीची कडी चाचपत राहिली.

सोबत आलेले बाबा कोपऱ्यात उभे होते. ते पुढे झाले, खांदा लावून त्यांनी कपाट सरकवलं, भाचीच्या पर्समधून मला काढलं आणि माझा उजेड भिंतीवर धरला. "पोरी, हे बघून घे," एवढंच म्हणाले. ती मुलगी आभार मानून पटकन निघून गेली.

"बाबा, तुमचेच पैसे होते हो ते!" भाची रडकुंडीला येऊन म्हणाली.

"माझेच होते, म्हणून तर सांगितलं," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा छापखान्यात जायला लागले.

हे कानावर पडल्यावर आत्या काठी टेकत, दर पायरीवर थांबत फ्लॅट बघायला आली. ती रागावली नाही. भिंतीला हात लावून तिने वर छताकडे पाहिलं आणि विचारलं, "वर कोण राहतं गं?"

भाचीला ठाऊक नव्हतं. एवढ्या माणसांची कार्डं जमवली, पण डोक्यावर कोण राहतं ते तिने कधी विचारलं नव्हतं.

मला हातात घेऊन भाची एक जिना चढली. दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. "तुम्ही खालच्या का? या ना," त्या म्हणाल्या. "आमच्या बाथरूमचा पाइप आतून फुटलाय. तुमच्या आधीच्या मालकांना मी दाखवलं, म्हटलं दोघांनी मिळून दुरुस्त करू. तर ते म्हणाले, मी आता विकतोच आहे, कशाला खर्च करू? मला वाटलं, घेणारं माणूस विचारायला वर येईलच, तेव्हा सांगू. मी कितीतरी दिवस वाट बघितली हो. कुणी आलंच नाही."

भाची तिथेच पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. मी तिच्या मांडीवर पडून होते.

आता वरच्या बाईंनी आणि भाचीने मिळून काम काढलंय. मिस्त्रीने भिंत फोडली आहे, घरभर चुना उडतोय. भिंत वाळेपर्यंत भाडेकरू येणार नाही, आणि भाडेकरू येईपर्यंत हप्ते थांबणार नाहीत.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्हीही घरं घ्याल. खूप ओळखी करा, पण ज्यांना तुमच्याकडून काही मिळवायचं नाही अशांशी आधी करा. आणि माझ्यासारखी एखादी म्हातारी घरात असेल तर तिची काच पुसत जा, सेल बदलत जा. ती काही दाखवू लागली तर कुणाचं मन राखायला बटण बंद करू नका. मन राखलं गेलं ते भाऊंचं, आणि आज सकाळी डबा घेऊन, खोकत खोकत कामावर गेले ते बाबा.