रामकिशनची सुरी

खाजामियाँचा हात फिरला की चुरगळलेला कागदही सरळ होतो, असं लातुरात म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. भूकंपानंतर ढिगाऱ्यातून निघालेली, पावसाच्या चिखलात भिजलेली शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं त्यांनीच पान पान सोडवून, वाळवून, पुन्हा शिवून दिली होती. किती पोरांच्या जन्मतारखा या बाइंडरानं वाचवल्या! पण पुढं क्लासेसचा सुकाळ झाला, गल्लोगल्ली झेरॉक्स आली, नोट्सना तारेचं वेटोळं घालणारी यंत्रं आली, आणि सुई-दोऱ्यानं पुस्तक शिवणाऱ्या माणसाला कुणी विचारीना.

दिपाली मॅडमनी मात्र विचारलं. नांदेडच्या विद्यापीठात त्या रसायनशास्त्र शिकवत, आणि आवारातल्या कचऱ्याचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. मेसचं खरकटं त्यांनी खताच्या खड्ड्यात घालायला लावलं, बाटल्या भंगारवाल्याला दिल्या. राहिला कागद. दर उन्हाळ्यात विभागांची कपाटं रिकामी होत आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मागच्या माळावर पेटवले जात. एका बाजूनं छापलेला, दुसऱ्या बाजूनं कोरा करकरीत कागद! मॅडम मूळच्या भूकंपाच्या पट्ट्यातल्या. त्यांचा शाळेचा दाखला खाजामियाँनी शिवलेल्या रजिस्टरातूनच निघाला होता. त्यांनी लातूर गाठलं आणि म्हाताऱ्याला सोबत घेऊनच आल्या.

ग्रंथालयामागची खोली मिळाली, पण महिन्याच्या बोलीवर. सोमवारी कुलगुरू येऊन वह्या बघणार होते. पसंत पडल्या तर खोली कायमची आणि कागद जाळणं बंद. नाहीतर खाजामियाँनी परत लातूरला जाऊन झेरॉक्सच्या दुकानात वेटोळी घालायची. हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

त्यांनी आपलं जुनं कसब बाहेर काढलं. छपाई आत घेऊन कागद दुमडायचा, दुमड बाहेरच्या कडेला ठेवायची आणि मोकळी कड शिवायची. मग वहीत दिसतं ते फक्त कोरं पान. छापलेलं सगळं पोटात. पिवळा आणि पांढरा कागद मध्येच मिसळला की त्यांच्या डोळ्यांत खुपे. म्हणून एका वहीत एकाच विभागाचा कागद, सगळ्यात जुना तळाला, नवा वर, अशी वर्षावार रास लावूनच ते सुई हातात घेत. रविवारी दुपारी चाळीस वह्या दाबाखाली ठेवून ते मुक्कामाच्या खोलीवर गेले.

संध्याकाळी कुलूप लावायला रामकिशन आला. ग्रंथालयातला तीस वर्षांचा जुना शिपाई. काही नव्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येतात. ती लाकडी सुरीनं कापून मगच पुस्तक कपाटात लावायचं, हे त्याचं खास काम. वह्यांची पानं जोडलेली बघून तो हळहळला. म्हाताऱ्याचं राहून गेलं वाटतं, उद्या साहेबापुढं शोभा नको. आणि त्या भल्या माणसानं चाळीसच्या चाळीस वह्या कापून ठेवल्या.

"एक पान सोडलं न्हाई, खाजाभाई," सकाळी त्यानं छाती काढून सांगितलं.

खाजामियाँनी वही उघडली. दोन पानं कोरी, दोन पानं छापील, पुन्हा दोन कोरी. त्यांनी दुसरी उघडली, तिसरी उघडली. तेच.

"अरे बाबा, मी पोटात घातलं होतं ते समदं बाहेर काढलंस की रे!"

समजलं तसं रामकिशनचं तोंड एवढंसं झालं. पण आता करायला वेळ कुठं होता? अकराला कुलगुरू दारात हजर. त्यांनी एक वही चाळली, कपाळाला आठी घातली.

"मॅडम, ही तर रद्दीच शिवलीय. कुणी केलं हे?"

रामकिशन पुढं सरकला. खाजामियाँनी त्याचा हात धरून त्याला मागं ओढलं. "माझ्या खोलीतलं काम हाय, साहेब. चुकलं असंल तर माझंच."

मॅडमची विद्यार्थिनी रुखसार तिथं जर्नल द्यायला आली होती. तिनं सहज एक वही उचलली, आडवी धरली आणि वाचतच राहिली.

"मॅडम, हे आपल्या विभागाचे पंधरा वर्षांचे पेपर आहेत! वर्षावार लावलेत. प्रश्न वाचा, पान उलटा, तिथंच सोडवा. क्लासवाले तरी असलं काही देतात का? चाचा, ही मी नेऊ?"

बातमी वाचनकक्षात पोचायला किती वेळ लागतो! तासाभरात खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. "फिजिक्सची हाय का, चाचा?" "मला जुलॉजीची!" कुलगुरू कोपऱ्यात उभे राहून बघत होते. गर्दी ओसरल्यावर ते जरा ओशाळून पुढं आले. "गणिताची एखादी उरली का? मी काढलेले पेपर असतील त्यात."

उरली नव्हती. "पुढच्या खेपेला पहिली तुमची," खाजामियाँ म्हणाले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांची मान ताठ झाली. खोली कायमची झाली. माळावरची राख त्या पावसाळ्यात धुऊन गेली, ती पुन्हा पडली नाही.

दुसऱ्या दिवशी रामकिशननं भीत भीत विचारलं, "आता दुमडायचं कशाला, खाजाभाई? सरळच शिवा की."

"दुमड मी घालणारच. काप तू."

लातुरात असताना आपण बांधलेल्या प्रत्येक रजिस्टराच्या पुठ्ठ्याआड ते स्वतःच्या नावाची चिठ्ठी डकवत. वेटोळ्यांच्या जमान्यात ती सवय सुटली होती. आता त्यांनी खळ कालवली, चिठ्ठ्या कापल्या आणि वळणदार अक्षरात लिहायला घेतलं : शिवण, खाजामियाँ, लातूर. मग खाली जागा उरली म्हणून नव्हे, मुद्दाम ठेवली होती म्हणून, त्यांनी दुसरी ओळ लिहिली : काप, रामकिशन, नांदेड.