डाव्या बाजूची गाठ

परस्तूने हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, छाती ठणकेल, हुळहुळेल. मुलगा म्हणून वाढवलेल्या देहात बाईपण उमलू लागलं की एवढं सोसावं लागतंच. तिला त्या दुखण्याचं कौतुकच वाटे. इराणातल्या यज्द शहराच्या बाजारात कुणाचा कोपर लागला तर डोळ्यांत पाणी येई आणि ती मनातल्या मनात हसे.

मग एके सकाळी डाव्या स्तनाग्राखाली बोटांना गाठ लागली.

तिची आई, माहरुख, तिथल्याच गाठीने गेली होती. कुणाला न दाखवता, छातीवर हात आडवा धरून वावरायची. आता ती परस्तूच्या अंगात वावरू लागली. चहा ओतताना मनगट तिच्यासारखं वळे, उसासा निघे तोही तिचाच. परस्तूने आरशात बघणं सोडलं.

शेवटी ती अकदस मावशीच्या दारात गेली. परस्तूने पहिल्यांदा ओढणी घेतली त्या दिवसापासून मावशीने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. दार उघडताच शिव्यांसाठी उघडलेलं मावशीचं तोंड तसंच राहिलं.

"हात खाली घे," ती कशीबशी म्हणाली. "माहरुख अशीच उभी राहायची. नाटकं करतेस माझ्यापुढे?"

परस्तूने खाली पाहिलं. हात छातीवर कधी गेला, तिला कळलंच नव्हतं.

"मावशी, गाठ आहे."

मावशीने बाहेर पडताना डोक्यावरून अंगभर घ्यायची काळी चादर खुंटीवरून ओढली. "चल. ती लपवत बसली. तू नाही बसायचं."

दवाखान्यातला कारकून ओळखपत्रावरचं पुरुषी नाव बघून गालात हसला.

"दात काय काढतोस मेल्या?" मावशी कडाडली. "लेक आहे माझ्या बहिणीची. नंबर लाव."

सोनोग्राफी झाली. "गोळ्यांनी स्तन वाढायला लागले की आधी असाच कडक, दुखरा गोळा लागतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एका बाजूला आधी येतो कधी कधी. काळजीचं काही दिसत नाही. पण आईला होतं, तेव्हा तपासत राहायचं. गाठ वाढली, कातडी आत ओढली गेली, तर लगेच यायचं."

परतताना दोघी मातीच्या भिंतींमधल्या गल्लीतून चालल्या.

"माहरुख येते का गं तुझ्याकडे?" मावशीने एकदम विचारलं.

"येते."

"काय म्हणते?"

"बोलत नाही. नुसती असते."

मावशीने चादर तोंडावर ओढून घेतली.

"माझ्याकडे एकदाही आली नाही," ती म्हणाली.